चावीचा किचन टायमर आणि जीएसटीच्या तारखा: काही महिन्यांच्या वापरानंतर

वस्तू अगदी साधी आहे. चावी दिल्यासारखा गोल फिरवायचा किचन टायमर, बॅटरी नाही, मागे चुंबक, वेळ संपली की घंटी. भांड्यांच्या दुकानात तीनेकशे रुपयांना मिळाला. गणपतीच्या आधी घेतला आणि तेव्हापासून तो स्वयंपाकघरात नाही, ऑफिसच्या टेबलावर आहे. मी कर सल्लागार आहे. सांगलीत घराच्या खालच्या मजल्यावर ऑफिस, मदतीला एक मुलगी, पार्ट्या (म्हणजे माझे अशील) बहुतेक मार्केट यार्डातल्या: हळद, बेदाणा, थोडे हार्डवेअरवाले.

पोमोडोरो पद्धत आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत असते. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा किचन टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली, ती ही पद्धत. २५ मिनिटं एकच काम, ५ मिनिटं सुट्टी, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. व्हिडिओवाले इथेच थांबतात. खरी कामाची गोष्ट पुढे आहे, तिच्याकडे येते.

आधी फोनवरची ॲप्स वापरून झाली होती. एकात तर झाड लावायचं असतं, ॲप सोडून बाहेर पडलात की झाड वाळतं. आमच्या धंद्यात जंगलच्या जंगल वाळायचं. कारण टायमर बघायला फोन उचलला, की त्याच पडद्यावर कुणीतरी खरेदीच्या बिलांचे फोटो टाकलेले, तेही आडवे, निम्मे अंगठ्याखाली. एकदा उघडले की गेलीच वीस मिनिटं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता: फोन नुसता टेबलावर असणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची चाचणीतली कामगिरी चांगली निघाली. नंतरच्या काही प्रयोगांत हा परिणाम तितका दिसला नाही, म्हणून मी त्याचं फार भांडवल करणार नाही. पण वेळ मोजायचं काम फोनकडून काढून घेतल्याचा फरक मला पहिल्याच आठवड्यात जाणवला.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचं मात्र जमलं नाही, ओटीपीमुळे. काही ओटीपी माझ्याकडे येतात, पण रिटर्न ईव्हीसीने, म्हणजे सहीऐवजी ओटीपी टाकून, भरताना तो जातो पार्टीच्या रजिस्टर्ड नंबरवर. म्हणजे मी इथून फोन करायचा, शेठ तिकडे सौद्यात, मग ते चष्मा शोधणार, मग आकडे सांगणार, तेही मागच्या महिन्याच्या मेसेजमधले. यावर टायमर काय करणार? शेवटी तोडगा असा काढला: अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये फोकस मोड आहे, त्यात व्हॉट्सॲप आणि बाकीची करमणूक बंद, मेसेज आणि साधे कॉल चालू. आणि ओटीपीची सगळी रिटर्नं बाजूला काढून दुपारी जेवणानंतर एका बसणीत, टायमरशिवाय. त्या वेळी शेठ लोकही जरा निवांत असतात.

टायमर खरा कामाला येतो तो टूबी जुळवताना. टूबी म्हणजे जीएसटीआर-२बी, विकणाऱ्यांनी पार्टीच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. दर महिन्याच्या १४ तारखेला तो येतो आणि २० तारखेच्या आत ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायचा, म्हणजे हातात सहा दिवस. टूबी एक्सेलमध्ये उतरवायचा आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या खरेदीशी ओळ न् ओळ लावायची. पार्टीने बिल नंबर घातलाय ‘४५’, विकणाऱ्याने टाकलाय ‘एसटी/०४५’. रक्कम जुळते, तारीख दोन दिवस पुढे-मागे, राउंड ऑफचा एक रुपया लटकलेला. हे तेच बिल की दुसरं, हे ठरवताना डोक्यात चार गोष्टी एकदम धरून ठेवाव्या लागतात. तेवढ्यात “मॅडम, चलन झालं का ओ?” असा फोन आला, की कुठल्या ओळीवर होतो तेच हरवतं आणि पुन्हा वरून सुरुवात. इथे २५ मिनिटांचा तुकडा चपखल बसतो. एका तुकड्यात एक मध्यम पार्टी होते, मोठीला तीन-चार लागतात.

आता ती राहिलेली गोष्ट. चिरिल्लोच्या पद्धतीत शेजारी एक कागद लागतो. काम करताना आपल्याच मनात काही आलं (गॅस बुक करायचाय, जरा बातम्या बघू) तर कागदावर अपॉस्ट्रॉफीची खूण करायची, हवं तर ते लिहून ठेवायचं आणि काम पुढे चालू. बाहेरून कुणी अडवलं तर आडवी रेघ. मला वाटलं होतं कागद रेघांनी भरेल, कारण दिवसभर मी पार्ट्यांच्या फोनच्या नावाने खडे फोडत असते. पहिल्या महिन्याचे कागद बघितले तर अपॉस्ट्रॉफीच जास्त. अवघड नोंद आली की मन पळवाट शोधतं आणि तिला ‘गॅस बुकिंग’ असं नाव देतं. लिहून ठेवलं की ती खाज आपोआप शमते. संध्याकाळी त्या यादीतलं निम्मं तर करण्यासारखंही नसतं. कुणी मला विचारलं की टायमर आणि कागद यातलं एकच ठेवायचं तर काय, तर मी कागद ठेवीन.

रेघांवरही इलाज निघाला. ऑफिसातल्या मुलीला आता टिकटिक ऐकू आली की कळतं. “मॅडम, एकच मिनिट” म्हणत दारात येणं बंद झालंय, ती चिठ्ठी ठेवते. पार्ट्यांना सांगून ठेवलंय की बारानंतर फोन करा. यार्डातले लोक वेळेचे पक्के, बहुतेकांनी ऐकलं. एक-दोघं साडेनऊलाच करतात, ते करणारच.

जिथे जमत नाही तेही सांगते. १९ आणि २० तारखेला टायमर खणात. त्या दिवशी जीएसटीचं पोर्टल जसं चालेल तसं आपण चालायचं. मध्ये पाच मिनिटं उठलं आणि चहाला जरा रेंगाळलं की लॉगआउट, पुन्हा पासवर्ड, पुन्हा कॅप्चा. नोटिशीचं उत्तर लिहितानाही २५ मिनिटं अपुरी. कागदपत्रं पसरून मुद्दा डोक्यात बसेपर्यंत पंधरा मिनिटं जातात, आणि हात चालायला लागला की घंटी. तिथे मी सरळ ५० लावते. पद्धतीचे कट्टर लोक नाक मुरडतील, मुरडू देत.

घरात मुलाच्या अभ्यासाला लावून पाहिला. तिसरीतल्या पोराला २५ झेपत नाहीत, १५ ठीक. पण तो पाढे कमी म्हणतो आणि काटा जास्त बघतो, म्हणून आता टायमर त्याच्या पाठीमागे ठेवते. सासूबाईंचं मत असं, की कुकरच्या शिट्ट्या मोजता येणाऱ्या बाईला हे खेळणं कशाला. बरोबर आहे, स्वयंपाकात मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

वस्तूबद्दल: दहा मिनिटांपेक्षा कमी लावायचे असतील तर आधी पुढे फिरवून मग मागे आणावा लागतो, नाहीतर घंटी दमल्यासारखी वाजते. मिनिटभर इकडेतिकडे होतो, त्याने काही बिघडत नाही. टिकटिक मला चालते, शेजारी बसणाऱ्याला चालेलच असं नाही. मोठ्या ऑफिसात बसत असाल तर हा घेऊ नका, कंप होणारा घ्या. चुंबक नावालाच आहे, लोखंडी कपाटावरून दोनदा खाली आला आणि दुसऱ्यांदा काचेला तडा गेला. चालतो मात्र अजून. घेताना दुकानातच पूर्ण ६० पर्यंत फिरवून पाहा, काटा मध्ये अडखळत असेल तर दुसरा काढायला सांगा. दुकानदार कंटाळेल, पण काढून देतो.