यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः ऑइल पंपाबद्दल

रोज शहरात आणि अधूनमधून घाटात वापरल्यावर एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. मेकॅनिक कितीही म्हणू दे, ऑटोल्यूबचा, म्हणजे वेगळ्या टाकीतून इंजिनाला ऑइल पुरवणारा पंप काढून टाकू नका.

टू-स्ट्रोक इंजिन 98 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही 50 मि.मी., रीड व्हॉल्व्ह (पेट्रोल-हवा एकाच दिशेने आत सोडणारी पाती), चार गिअर, ताकद 11 पीएस. भारतात एस्कॉर्ट्स कंपनीने ही गाडी 1985 ते 1996 बनवली, पण इंजिनामागचा विचार त्याहून जुना. हमामात्सूच्या निप्पॉन गाक्की या ऑर्गन-पियानोवाल्या कंपनीने 1955 साली जर्मन डीकेडब्ल्यू आरटी 125 समोर ठेवून वायए-1 ही मोटरसायकल काढली. त्याच वर्षी 1 जुलैला यामाहा मोटर वेगळी झाली आणि त्याच महिन्यात माउंट फुजीच्या चढाईची शर्यत जिंकली. टू-स्ट्रोकला वंगण देणारं ऑइल तेव्हा पेट्रोलमध्येच मिसळावं लागे. वेगळी टाकी आणि पंप आला 1964 च्या वायए-6 वर, आणि माझ्या मते यामाहाचं टू-स्ट्रोकमधलं सगळ्यात मोठं काम हेच.

का, ते घाट उतरताना कळतं. थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन चाकाच्या जोरावर गरगरतंय. पंप काढून मिक्स मारलं, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल घातलं असेल तर अशा वेळी आत पेट्रोलच नाममात्र जातं, म्हणजे ऑइलही तितकंच. पिस्टन जाम होतो तो इथे. पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे थ्रॉटल बंद असतानाही थोडं ऑइल पोहोचत राहतं.

पंप बिघडला असं म्हणतात तेव्हा बहुतेकदा पाइपमध्ये हवा असते किंवा पंपाची केबल सैल असते. टाकी कोरडी पडली किंवा पाइप काढला, की ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) सोडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यायचं. तोवर पेट्रोलमध्ये लिटरला 50 मिली ऑइल घालूनच इंजिन चालू करायचं. थ्रॉटल केबलचं प्ले (सैलपणा) आधी काढा, मगच पंपाच्या पुलीवरची खूण जुळवा. उलट क्रमाने केलं तर खूण पुन्हा सरकते. ऑइल जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचंच.

पिकअप मेला तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी सायलेन्सरची जाळी बाहेर काढा, कार्बन तिथेच धरतो. रीडची पाती उजेडासमोर धरून पाहा. टोकाला कपची उडाली असेल तर आयडलिंग कधीच बसणार नाही. इग्निशनच्या पॉइंटचा गॅप 0.3 ते 0.4 मि.मी.

ॲव्हरेज शहरात पस्तीस-चाळीस. पुढचा ड्रम ब्रेक मात्र या पिकअपला अपुरा आहे; लायनर चांगले घाला आणि अंतर राखून चालवा.