"सगळ्या परवानग्या आहेत" असं सांगून विकलेला खाडीकाठचा प्लॉट

खाडीकाठच्या एनए (बिनशेती) प्लॉटच्या जाहिराती हल्ली मोबाइलवर सतत येतात. तशाच एका प्रकल्पात आमचे पैसे अडकले आहेत. अजून कुणाचे अडकू नयेत, म्हणून सगळं उघड लिहितोय.

सातबारा स्वच्छ, वकिलाचा सर्च रिपोर्ट चोख, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, बिनशेतीचा आदेश, सगळं होतं. पण सर्च रिपोर्टमधून जमीन कोणाची ते कळतं, तिच्यावर बांधता येईल का ते नाही. आणि बिनशेती आदेशाची जी प्रत आम्हा खरेदीदारांना दिली, तिच्यातलं अटींचं पान काढून घेतलेलं होतं. माहिती अधिकारात मूळ आदेश मागवला तेव्हा त्या पानावर अट दिसली: सीआरझेडची मंजुरी स्वतंत्रपणे घेतल्याशिवाय बांधकाम करू नये. सीआरझेड म्हणजे समुद्र आणि खाडीकाठचा, बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा.

खरा खेळ मात्र नकाशात होता. सीआरझेडमधली अंतरं भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेपासून, मोजतात. समुद्रकिनारी ५०० मीटर. खाडीकाठी २०११ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. २०१९ च्या अधिसूचनेत त्या १०० चे ५० झाले. म्हणजे खाडीकाठी भरतीरेषा जराशी पाण्याच्या बाजूला ढकलली, की प्लॉटची अख्खी रांग कागदावर मोकळी होते. विकासकाने तेच केलं. खारजमिनीचा जुना बांध आतल्या बाजूला होता. त्याने बाहेर नवी दगडी भिंत घातली, मधल्या जागेत भराव टाकला आणि नकाशात भरतीरेषा या नव्या भिंतीवरून काढली. विचारलं की म्हणायचा, "भरती बांधापर्यंतच धरतात, नियमच आहे." नियम आहे, पण १९ फेब्रुवारी १९९१ च्या पहिल्या सीआरझेड अधिसूचनेआधी बांधलेल्या बांधांपुरता. तेवढी तारीख तो गाळायचा. मला आजही सगळ्यात जास्त चीड त्या गाळलेल्या तारखेची येते.

आमचे पैसे गेले ते गेले, गावाचं जे झालं ते त्याहून वाईट. जुन्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी बाहेर सोडायचं दार, होती. ओहोटीला तिचं झाप उघडायचं आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत उतरायचं. भरतीच्या दाबाने ते आपोआप बंद व्हायचं. भराव बरोबर तिच्या तोंडावर आला. पहिल्याच मोठ्या पावसात गावात जाणारा डांबरी रस्ता पाण्याखाली गेला. पाणी ओसरायला वाटच नसल्याने रस्त्याखालची माती भुसभुशीत झाली आणि मोरीसकट एक बाजू खचली. कडेने गेलेली नळपाणी योजनेची लाइन तिथेच तुटली. नव्या भिंतीच्या टोकाला प्रवाह वळला आणि शेजारचा मोकळा काठ खरवडू लागला, तो थेट जेटीच्या पायऱ्यांखालची माती निघेपर्यंत. दुरुस्ती सरकारी पैशातून झाली, विकासकाने छदाम दिला नाही. गावकरी आम्हा प्लॉटवाल्यांवर चिडले, आणि त्यांचा राग रास्त आहे.

त्यांच्याच तक्रारीवरून पाहणी झाली, काम थांबवण्याचा आदेश निघाला आणि विकासकाने हात वर केले. "ग्रामपंचायतीने दाखला दिला होता, तिला विचारा." केरळमधल्या मरडूच्या इमारतींनाही पंचायतीची परवानगी होती, राज्याच्या किनारा प्राधिकरणाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने त्या ११ आणि १२ जानेवारी २०२० ला स्फोटकांनी पाडल्या. आत राहणाऱ्यांनी पैसे भरलेले होते.

म्हणून टोकन देण्याआधी १:४००० प्रमाणातला सीआरझेड नकाशा मागा. तो चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्रासारख्या अधिकृत संस्थेने केलेला हवा आणि त्यावर तुमचा गट नंबर बसवलेला हवा. विकासकाच्या आर्किटेक्टने रंगवलेला नकाशा धरू नका. महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या बैठकांची इतिवृत्तं त्यांच्या संकेतस्थळावर असतात, त्यात प्रकल्प शोधा. बिनशेती आदेशाची प्रमाणित प्रत स्वतः कचेरीतून काढा आणि पानं मोजा. जागेवर गेलात तर पावसाचं पाणी कुठून जातं, ते एजंटला न विचारता शेजारच्या शेतकऱ्याला विचारा.

आम्ही काही खरेदीदारांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. दिवाणी दाव्यात पैसे परत मागताना उघाडीवरचा भराव त्याच्या खर्चाने काढावा, अशीही मागणी जोडली आहे. तो माणूस मात्र पुढच्या खाडीवर नव्या नावाने प्लॉट विकतोय, आणि त्या जाहिरातीतल्या नकाशातही भरतीरेषा भिंतीवरूनच काढलेली आहे.