एट्सीवर विणकामाचा नमुना विकताना
परभणीतली थंडी जेमतेम दोन महिन्यांची, म्हणून बाळाच्या कानटोपीचा लिखित नमुना मी एट्सीवर, म्हणजे जगभरच्या ग्राहकांना हस्तकलेच्या वस्तू विकता येणाऱ्या संकेतस्थळावर, 3 डॉलरला ठेवला. नोंदणीचे 20 सेंट चार महिने पुरतील असे वाटते खरे. पण प्रत विकली की नोंद नव्याने होऊन पुन्हा 20 सेंट लागतात, शिवाय 6.5 टक्के व्यवहारशुल्क, म्हणजे ग्राहकाचे पैसे स्वीकारण्याचे शुल्क धरण्याआधीच सुमारे 40 सेंट जातात. स्वस्त नमुन्याला हे जड होते. माझ्या मते 5 डॉलरच योग्य. फाइल ग्राहकाला लगेच मिळते, ही मोठी सोय. तपासणी मात्र आपलीच: दोन सुलट, दोन उलट अशा गोल काठाला मी 82 टाके लिहून बसले होते, चारने भाग जात नाही, हे शेजारच्या काकूंनी पहिल्याच फेरीत दाखवले.