वर्षश्राद्धाला ज्याने शुभेच्छा दिल्या, त्याला मी ९,१५,५०० रुपये पाठवले

नऊ लाख पंधरा हजार पाचशे. आकडा पूर्ण लिहिते, कारण घरात, बँकेत आणि पोलिसांपुढे मी आधी तो "सात-आठ लाख" असा कमी करून सांगत होते. त्याचा तोटा मलाच झाला. तक्रारीत जो व्यवहार लिहायचा राहतो, त्या पैशांचा माग कुणीच काढत नाही.

साचा नेहमीचाच. पुनर्विवाहाचं संकेतस्थळ, इंग्लंडमधला विधुर डॉक्टर, अडीच महिने रोजचं बोलणं, मग तो भेटायला निघाला आणि दिल्ली विमानतळावर कस्टममध्ये "अडकला". अशा बातम्या मीही वाचल्या होत्या, आणि वाचताना "बायका इतक्या भोळ्या कशा" असंही म्हटलं होतं. म्हणून साचा परत सांगत बसत नाही. काय काय डोळ्यांपुढे होतं आणि मी ते कसं बाजूला सारलं, ते सांगते. मी एकवीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे. दुसऱ्यांच्या स्लिपवरचं नाव आणि खाते क्रमांक जुळवून बघणं हेच माझं काम. हे लिहिताना मान खाली जाते, पण "शिकलेली असती तर फसली नसती" असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

पैसे गेले ते असे. १७ जून २०२५, मंगळवार: यूपीआयवरून ३५,५०० रुपये, "सामान नोंदणी". १८ जून: आयएमपीएसने १,८५,०००, "परकी चलन जाहीर न केल्याचा दंड". २० जून, शुक्रवार: आरटीजीएसने ४,२०,०००, "मनी लाँडरिंग नसल्याचं प्रमाणपत्र". यासाठी ठेव मोडली. २४ जून: २,७५,०००, "पौंडांचे रुपये करण्याचा आकार". यासाठी पाटल्या आणि गंठण मिळून ४२ ग्रॅम सोनं तारण ठेवलं. २५ तारखेला ३,९०,००० आणखी मागितले आणि तिथे साखळी तुटली.

पहिली मागणी लहान असते, हे लक्षात ठेवा. ३५,५०० ही रक्कम मी कुणाला न विचारता देऊ शकत होते. अडीच महिन्यांच्या गप्पांतून पगार किती, ठेवी कुठे, मुलगा कधी येतो हे सगळं मीच सांगून ठेवलं होतं. पुढचा प्रत्येक आकडा त्याच हिशोबाने आला. दुसऱ्या हप्त्यानंतर माणूस प्रेमापोटी पैसे देत नाही. आधीचे बुडू नयेत म्हणून देतो. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आता २० जूनची दुपार. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना पैसे पाठवण्याआधी समोरच्या खातेदाराचं नाव पडद्यावर दिसतं. शाखेत जाऊन पाठवलेत तरी विचारता येतं. मला नाव दिसलं. एका पुरुषाचं साधं नाव, पुढे "ट्रेडर्स". भारत सरकारचा सीमाशुल्क विभाग आणि खातं कुणा ट्रेडर्सचं! आयएफएस कोडची पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, शेवटची सहा शाखेची. ती सहा मी स्वतः शोधून पाहिली. शाखा दिल्लीची नव्हतीच, भलत्याच राज्यातल्या एका तालुक्याच्या गावची होती. मी "कस्टमच्या मॅडम"ना फोन केला. त्या म्हणाल्या, "हे नोडल एजन्सीचं खातं आहे, अर्ध्या तासात भरलं नाही तर साहेबांना कोठडीत पाठवतील." मी बटण दाबलं. हेच माझ्या काउंटरवर एखाद्या आजीबाईंनी केलं असतं तर मी त्यांचा हात धरला असता. नाव बघितलं नसतं तर म्हणता आलं असतं की कळलं नाही. मी ते बघितलं, वाचलं, आणि चार लाख वीस हजार पाठवले. अजून रात्री जाग आली की तोच पडदा दिसतो.

कायदा काय आहे ते तेव्हा कुणी दोन मिनिटांत सांगितलं असतं तर? परदेशातून भारतात परकी चलन आणायला वरची मर्यादाच नाही. नोटा ५,००० अमेरिकी डॉलरच्या किमतीपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, तर विमानतळावर चलन घोषणापत्र भरायचं. त्याला फी नाही. हा म्हणे ४५,००० पौंड रोख घेऊन आला होता. आणला असता तरी एक फॉर्म भरून बाहेर आला असता. घोषणा केली नाही म्हणून खरोखर दंड झालाच, तर लेखी आदेश निघतो आणि पैसे सरकारी चलानाने (भरणा पावतीने) भरले जातात. कुणाच्या बचत किंवा चालू खात्यात नाही. सीमाशुल्काच्या पत्रावर नोव्हेंबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो खरा की खोटा हे अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतं. मला आलेल्या पावतीवर सिंहांची राजमुद्रा होती, शिक्का होता, क्रमांकही होता. तो माझ्या नणंदेने तपासला, मी नाही. आणि अटकेतला माणूस दिवसभर मला फोनवर रडून दाखवतो, त्याच्या हातात फोन ठेवला कुणी?

त्याआधीची गोष्ट सांगायला जास्त जड जाते. तो मूळचा साताऱ्याकडचा, नऊ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर गेला, असं सांगायचा. मराठी फक्त लिहायचा, बोलताना इंग्रजी. मे महिन्यात मी लिहिलं, "उद्या यांचं तिसरं वर्षश्राद्ध आहे, दिवसभर बोलता येणार नाही." उत्तर आलं: "वर्धापनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा, प्रिये." मी दहा मिनिटं फोन हातात धरून बसले. मग स्वतःलाच समजावलं की लहानपणी गेलेला माणूस, त्याला श्राद्ध कुठून कळणार. कळलं असतं. मराठी घरात नऊ वर्षं काढलेल्या पोरालाही श्राद्ध कळतं, त्या दिवशी घरात काय असतं ते कळतं. पलीकडे बसलेलं कुणीतरी माझे शब्द भाषांतराच्या यंत्रात घालून उत्तर काढत होतं. एकाच वाक्यात "तू" आणि "आपण", "मी तुला चुकवतो आहे" ("आय मिस यू"चं शब्दशः मराठी) असली वाक्यं, सगळं समोर होतं. स्थळ परदेशातलं असेल तर त्याच्याशी मराठीत, तुमच्या गावच्या बोलीत, प्रत्यक्ष आवाजात बोला. टाळाटाळ झाली की थांबा.

मी काहीच तपासलं नव्हतं असं नाही. फोटो इंटरनेटवर शोधून पाहिला, काही सापडलं नाही. फोटो आरशासारखा उलटा केला किंवा कडा कापल्या की शोध चुकतो, हे नंतर कळलं. व्हिडिओ कॉल झाले, पण चाळीस-पन्नास सेकंदांचे, आणि ओठ मागे-पुढे. त्याला पूर्ण बाजूला मान वळवायला आणि चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगायचं. संगणकाने लावलेला दुसऱ्याचा चेहरा तिथे बहुतेकदा फाटतो. त्याचा नंबर +४४ ७० ने सुरू व्हायचा. ब्रिटनमध्ये ०७० हे मोबाईल नंबर नसतात, ते दुसरीकडे वळवलेले नंबर असतात आणि जगात कुठेही बसून उचलता येतात. ब्रिटनमधल्या प्रत्येक डॉक्टरचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या खुल्या यादीत असतं, सात आकडी क्रमांकासकट. मी यादीत नाव पाहिलं आणि ते होतं. खऱ्या डॉक्टरचं नाव उचललं होतं. नाव सापडलं म्हणून निर्धास्त होऊ नका. रुग्णालयाच्या संकेतस्थळावरून मुख्य नंबर घ्या आणि तिथे फोन करून त्या डॉक्टरांना निरोप ठेवा. एका फोनने माझे नऊ लाख वाचले असते.

ठेव मोडताना बँकेतल्या मुलीने विचारलं होतं, "काकू, एवढी रक्कम कशाला?" मी म्हणाले, "घराचं काम काढलंय." हे वाक्य त्यानेच शिकवलं होतं. बँकेत काय सांगायचं हे कुणी तुम्हाला पढवत असेल तर तो माणूस चोर आहे, बाकी काही तपासायची गरज नाही. "लग्न ठरलं की मग मुलांना सांगू" हेही तसंच.

नणंदेकडे उसने मागायला गेले म्हणून वाचले. तिने एवढंच विचारलं, "पावती दाखव." ती २५ जूनची रात्र. आणि मी तक्रार केली २७ तारखेला. मधले दोन दिवस मुलाला कसं सांगायचं यात गेले. २४ तारखेचे पावणेतीन लाख त्या दोन दिवसांत एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममधून बाहेर पडत होते. लाज नंतर वाटू द्या, १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर आधी लावा. फोन लागायला वेळ जाऊ शकतो, तोवर पासबुक समोर घेऊन बसा. प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, समोरचं खातं आणि संदर्भ क्रमांक लागतो: यूपीआय-आयएमपीएसचा १२ आकडी, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. माझ्याकडे आरटीजीएसचा नव्हता म्हणून पहिला फोन वाया गेला.

आता अधिकाऱ्यांबद्दल. पोलीस ठाण्यात सांगितलं, सायबरकडे जा. सायबरकडे सांगितलं, ऑनलाइन तक्रार झाली ना, मग झालं. नाही झालं! पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे मला तिसऱ्या फेरीत एका वकिलांनी सांगितलं. चौथ्या फेरीत साहेब रजेवर. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्याच अधिकाऱ्याला करता येतो, म्हणून "साहेब नाहीत" हे कारण त्यांना कायम पुरतं. पण तपास निरीक्षकाने करायचा म्हणून गुन्हा नोंदवायलाही निरीक्षकच हवा, असं कुठे लिहिलंय? एक जण फाइल चाळता चाळता म्हणाला, "मॅडम, या वयात कशाला हे सगळं?" माझा नवरा गेला तेव्हा मी एकोणपन्नास वर्षांची होते. पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणी सोबत असावं असं वाटणं हा गुन्हा आहे का? गुन्हा झाला तो माझ्यावर, आणि जबाब मात्र मी माझ्या वयाचा द्यायचा? घरफोडी झालेल्याला कुणी विचारतं का, एवढं सोनं घालायची हौस कशाला? त्या खुर्चीवरून हे वाक्य ऐकून किती बायका तिथूनच परत गेल्या असतील.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पाठ करून जा. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवणं टाळता येत नाही, आणि एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. नाहीच घेतली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज टपालाने पाठवा, पोच जपून ठेवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मी अधीक्षकांना अर्ज पाठवला आणि सहाव्या दिवशी गुन्हा नोंदला: न्याय संहितेचं ३१८(४) (फसवणूक) आणि ३१९(२) (तोतयेगिरी), शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड (संगणक वापरून तोतयेगिरीने फसवणूक). तोवर सव्वा महिना गेला होता.

बँकेचं तर विचारूच नका. २७ तारखेला सकाळी ११.२० ला लेखी तक्रार दिली. ती शुक्रवारी पुढे गेली नाही, शनिवार-रविवार गेले, आणि समोरच्या बँकेला सोमवारी ३० तारखेला कळवलं. मग वरून ऐकवलं, "पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, जबाबदारी आमची नाही." कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम सगळे सांगतात. तो तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आपणच बटण दाबलं तर तो लागू होत नाही, त्यावर विसंबू नका. पण तक्रार पुढे पाठवायला लावलेला उशीर बँकेचाच असतो, तो ३० दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मांडता येतो. मी मांडला आहे.

संकेतस्थळवाल्यांनी कळवलं की "ते प्रोफाइल आता अस्तित्वात नाही". केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचनेनुसार खातं बंद झाल्यावरही वर्षभर त्यांनी आयपी पत्ता जपायचा असतो. पोलिसांचं पत्र त्या वर्षात जायला हवं, म्हणून ते गेलं का हे दर पंधरा दिवसांनी विचारा. मी विचारते, त्यांना राग येतो, येऊ दे.

सगळ्यातून गोठवलेले सापडले ६१,३४०. ते सोडवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, आदेश झाला, आता समोरची बँक प्रमाणित प्रत पुन्हा मागते आहे. मधेच सप्टेंबरमध्ये एकाचा फोन आला: "सायबर सेलमधून बोलतोय, पूर्ण रक्कम परत मिळेल, १८,००० प्रक्रिया शुल्क भरा." त्याला माझा तक्रार क्रमांकही माहीत होता. तक्रार केली की हा दुसरा फोन येतोच. एक रुपया भरू नका.

विधवा-विधुरांच्या मेळाव्यांना अजूनही जावं असंच मी म्हणेन. पण पहिल्या भेटीत आधीच्या जोडीदाराचा मृत्यू दाखला मागा, आपलाही दाखवा. खरा माणूस दुखावत नाही. त्याच्या आधीच्या सासरचं कुणीतरी, शेजारचं कुणीतरी भेटायलाच हवं. विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची तर तीस दिवसांची नोटीस लागते. "इतके दिवस कशाला" म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा.

गेल्या आठवड्यात तोच फोटो दुसऱ्या एका ठिकाणी दिसला. आता तो ५६ वर्षांचा विधुर आहे आणि मर्चंट नेव्हीत कॅप्टन आहे. भारतीय खलाशाकडे आणि अधिकाऱ्याकडे इंडोस हा ओळख क्रमांक असतो, तो नौवहन महासंचालनालयाकडे तपासता येतो. फोटोत पांढरा शर्ट, डाव्या मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ, मागे काचेची भिंत आहे. स्वतःची ओळख करून देताना "पुन्हा जगायचं आहे" असं लिहिलंय. मला पहिल्या दिवशी पाठवलेलं वाक्य तेच होतं.