ऑटोमॅटिक पडदे, "सरकारी सबसिडी" आणि माझे 1,35,095 रुपये

आकडा शीर्षकातच लिहून टाकला, कारण लिहिता लिहिता माझीच हिंमत गेली असती. 1,35,095 रुपये. 31 वर्षं अकाउंट्समध्ये नोकरी केली, दुसऱ्यांची व्हाउचरं तपासली, खोटी बिलं पकडली, आणि रिटायर झाल्यावर घरच्या सोफ्यावर बसून, समोरच्याला चहा पाजून लुटला गेलो. मुलाला सांगायला दोन महिने लागले. तुम्हाला सांगतोय कारण हीच टोळी आता शेजारच्या लेआउटमध्ये फिरते आहे असं कळलं.

नागपूरचा उन्हाळा काढलेल्यांना पुढचं समजावून सांगायला नको. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पश्चिमेची बेडरूम संध्याकाळी सहाला भट्टी असते. एक एसी, हॉलमध्ये कूलर, आणि एप्रिलचं बिल आलं की घरात दोन दिवस कुणी कुणाशी नीट बोलत नाही. अशात लेआउटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: खिडकीचे पडदे ऊन ओळखतात, आपोआप खाली येतात, सूर्य गेला की वर जातात, विजेचं बिल 40 टक्के कमी, शिवाय सरकारी सबसिडी. मेसेज टाकणारा ओळखीचा माणूस. त्याला गिऱ्हाइकामागे 2,000 मिळत होते हे मला नंतर कळलं. अजूनही रोज सकाळी ग्रुपवर सुविचार टाकतो.

9 मार्च 2025, रविवार, दुपारचे चार. दोन पोरं आली. इस्त्रीचे शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात ती पिस्तुलासारखी तापमान मोजायची गन. मला लुटलं ते त्या गनने.

बेडरूमच्या काचेवर गन रोखली: 46 अंश. मग पडद्याचा नमुना काढला, एका बाजूने काळपट, दुसऱ्या बाजूने आरशासारखा चंदेरी. तो खिडकीच्या काचेला टेकवून दहा मिनिटं ठेवला, चंदेरी बाजू आमच्याकडे. पुन्हा गन. 31! "बघा अंकल, 15 डिग्रीचा फरक. मशीन खोटं बोलत नाही."

हिने पुढे होऊन त्या चंदेरी बाजूला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "अहो, हे तं चांगलंच तापलंय."

पोरगा हसला. "काकू, ते रिफ्लेक्शन असतं." आणि मी, शहाण्याने, हिला सांगितलं, "तुला त्यातलं कळत नाही, आकडा दिसतोय ना समोर."

लुटायचं ते तिथेच लुटून झालं होतं, पैसे पुढे गेले. हात भाजत होता आणि गन 31 म्हणत होती. दोघांतलं एक खोटं होतं. मी बायकोला खोटं ठरवलं.

नंतर मुलाने फोनवर एक प्रयोग करायला सांगितला. 1,150 रुपयांची तसलीच गन मागवली (हे पैसे वरच्या हिशोबात धरलेले नाहीत), घासूनपुसून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि बाहेरून गन रोखली. आकडा 40 च्या आसपास. त्याच पातेल्याला इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली, टेपवर रोखली, तर 90 च्या वर. पाणी तेच, पातेलं तेच. गन वस्तूतून निघणारी उष्णता वाचते. चकचकीत धातूच्या थरातून ती फार थोडी बाहेर पडते, उलट त्या थरात समोरच्या भिंतींचंच प्रतिबिंब पडतं, आणि गन तेच मोजते. म्हणजे त्या दिवशी त्याने मला माझ्याच बेडरूमच्या भिंतीचं तापमान दाखवलं. त्याला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर चंदेरी बाजू आत ठेवली होती. ऊन परत पाठवायचं तर चंदेरी तोंड सूर्याकडे नको? तेव्हा हा प्रश्न डोक्यात आला नाही.

कुणी गन घेऊन घरी आलं तर आधी हात लावा.

मी काही लोभापायी फसलो नाही, हे सांगितलंच पाहिजे. शेजारच्या बंगल्यावर छताचं सोलर बसलं, त्यांना पीएम सूर्यघर योजनेचे 78,000 खरोखर खात्यात आले. मी पासबुकातली एन्ट्री डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे "सोलरसारखीच ही पण योजना" म्हटल्यावर शंका आली नाही. पण ती योजना छतावरच्या सोलरची आहे, पडद्यांशी तिचा काडीचा संबंध नाही. त्यांच्या कागदावर पडद्याला "5 स्टार" पण छापलेले होते. बीईईचे, म्हणजे सरकारच्या ऊर्जा बचत खात्याचे, स्टार एसीला, फ्रिजला, पंख्याला असतात. पडद्याला स्टार? मी मान डोलावली.

आता हिशोब. पाच खिडक्या, एकीचे 23,600, एकूण 1,18,000. त्यातले 40 टक्के म्हणजे 47,200 सबसिडी, पण "सर, आधी पूर्ण भरायचे, सरकार 45 दिवसांत थेट तुमच्या खात्यात टाकतं." 9 मार्चला 70,800 दिले. 22 मार्चला पडदे लागले तेव्हा 47,200. सबसिडीची फाइल चार्ज 4,999. अ‍ॅपची वर्षाची फी 3,600. सगळं यूपीआयने आणि एका माणसाच्या खासगी खात्यात, कारण "कंपनीचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे". ऑडिटमुळे खातं बंद राहत नाही, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो!

बिलावर जीएसटी नंबर होता. 27 ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, पंधरा अक्षरी, बरोबर. पण पहिल्या दोन आकड्यांनंतर पॅन सुरू होतो आणि पॅनचं चौथं अक्षर सांगतं की पॅन कुणाचा. कंपनीचा असेल तर तिथे सी, व्यक्तीचा असेल तर पी. बिलाच्या डोक्यावर "प्रायव्हेट लिमिटेड", नंबरात पी. नोकरीत असतो तर असलं बिल पाच सेकंदांत परत फेकलं असतं. घरात मात्र मी ते फक्त फाइलला लावलं. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धनी कोण ते फुकटात दिसतं, टाका.

पडद्यांचं काय झालं? अ‍ॅप तीन आठवडे चाललं, मग लॉगिनच होईना. दोन मोटरी एप्रिलमध्येच घरघरायला लागल्या. ऊन ओळखणारा सेन्सर म्हणून खिडकीच्या चौकटीला काडेपेटीएवढी पांढरी डबी चिकटवली होती, ती एक दिवस स्क्रू ड्रायव्हरने उघडली. आत एक बटण सेल आणि एक हिरवा एलईडी. वायर नाही, काही नाही. पडदे दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी हलत होते, ढग असो की ऊन.

त्यात गंमत अशी, की पाचांतल्या तीन खिडक्या दक्षिणेच्या. आमच्याकडे मे अखेरीला, 26 च्या सुमारास, शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. एप्रिल-मेमध्ये दुपारचं ऊन इतकं उभं असतं की दोन फुटांचा छज्जा दक्षिणेची खिडकी पूर्ण झाकतो, ऊन आत येतच नाही. त्या तिघींना पडदा लावणं म्हणजे 70,800 रुपये सावलीला सावली देण्यात घालवणं. खरा त्रास पश्चिमेचा, आणि तिथेही ऊन काचेतून आत आल्यावर पडद्याने अडवलं तर तापलेला पडदा उष्णता खोलीतच सोडतो. काचेच्या बाहेर अडवलं तर खरा फरक. माझ्या आईच्या काळी बाहेरून खसच्या ताट्या लावून पाणी मारायचे, ते उगाच नव्हतं. आणि कूलरवाल्यांनी तर नीटच ऐका: कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते. हे पडदे भर दुपारी खाली यायचे, हवेची वाट बंद, आणि हॉलमध्ये चिकचिक. नात म्हणाली, आजोबा, मुंबईला आल्यासारखं वाटतंय.

एप्रिल 2024: 574 युनिट, बिल 8,690. एप्रिल 2025, पडद्यांसकट: 596 युनिट, 9,140. मोटरवाले पडदे मुळातच खोटे असतात असं मी म्हणत नाही. पश्चिमेच्या खिडकीला, चांगल्या कापडाचे, वेळेवर बंद होणारे पडदे थोडंफार वाचवतातच. पण 40 टक्के? नंतर सीताबर्डीच्या एका दुकानदाराने कापड आणि मोटर पाहून एका खिडकीचे 7,500 सांगितले. बसवून.

आणि आता सगळ्यात लाजिरवाणं. 45 दिवस 6 मेला संपले. 8 मेला फोन आला: "अभिनंदन, सबसिडी मंजूर, फक्त 18 टक्के जीएसटी भरा, 8,496." मी भरला. सबसिडीवर जीएसटी. मी. भरला. 47,200 डोळ्यांसमोर दिसत होते, दुसरं काही दिसत नव्हतं. पैसे परत मिळवायला पैसे मागतो तो चोर, एवढं मला शिपायानेही सांगितलं असतं.

20 मेला नंबर बंद झाला. मग ठाणं. पहिल्या दिवशी: "साहेब बंदोबस्तात आहेत." दुसऱ्या दिवशी साहेब भेटले. त्यांच्या खिडकीला बाहेरून खसची ताटी, पाणी टपकतंय, खोली गार. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. साहेब म्हणाले, "माल मिळाला ना? मग सिव्हिल मॅटर झाला." मी म्हटलं, सबसिडीच खोटी आहे. "मग सरकारला विचारा." सायबरवाल्यांकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस घरी येऊन गेला, यात सायबर काय? ठाण्यात जा. पुन्हा ठाणं. चौथ्या खेपेला एका पोरसवदा शिपायाने अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि वर, "काका, एवढे शिकलेले तुम्ही…" ते ऐकायलाच गेलो होतो जणू. बँकेत मॅडमनी मान वर न करता विचारलं, पिन कुणी टाकला? मी टाकला. "मग?" एका "मग" मध्ये फाइल बंद. खातं कुणाचं ते बँकेला माहीत, पोलिसांना विचारता येतं, पण विचारायचं कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. मी मात्र झेरॉक्स काढत फिरतो. आत्तापर्यंत झेरॉक्सवरच 340 रुपये.

8,496 गेले त्याच तासात 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला असता तर निदान ती रक्कम समोरच्या खात्यात अडवायची संधी होती. मी बारा दिवस वाट पाहिली, कारण "येतील, येतील". पैसे गेल्याचं कळलं की जेवण बाजूला ठेवा आणि 1930 फिरवा.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, दोन वर्षांच्या आत टाकायची. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. बिलावरच्या पत्त्यावरून पाकीट परत आलं, पोस्टमनचा शेरा: "या पत्त्यावर राहत नाही." पैसे देण्याआधी ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन या, इतकंच. मी गेलो नाही. सीताबर्डीपासून दोन किलोमीटर होतं.

हिने अजून एकदाही टोमणा मारलेला नाही, आणि तेच जास्त लागतं. बेडरूमच्या खिडकीला बाहेरून तिने खसची ताटी बांधून घेतली, रोज दोनला पाणी मारते. हॉलमधला पडदा अर्ध्यावर अडकलाय, वर जात नाही, खाली येत नाही. काढून टाकणार होतो, पण ओळखीचे वकील म्हणाले, हात लावू नका, पुरावा आहे.