बैठकीतील पंगत: एका शाईचित्रासोबतचे आठ महिने

जानेवारीत एका समकालीन चित्रकाराच्या शाईचित्राची ए-३ आकाराची छापील प्रत मागवली आणि बडोद्यात, रावपुऱ्यातील आमच्या घराच्या बैठकीत लावली. चित्रात पंगत बसली आहे. पाठमोरा वाढपी पातेल्यातून जेवणाऱ्यांचेच चेहरे वाढतो आहे आणि आपल्या पानात आलेला आपला चेहरा प्रत्येक जण निमूटपणे चटणीच्या बाजूला सारतो आहे. पहिला महिनाभर पाहुणे आले की आई त्यासमोर पडदा ओढून घेत असे.

छपाई पिगमेंट शाईची, जाड सुती कागदावर आहे आणि काळा अजून तितकाच गडद आहे. चूक फ्रेमची झाली. कारागिराने माउंट, म्हणजे कागद आणि काच यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न घालता कागद थेट काचेला टेकवला आणि जुलैच्या दमट हवेत खालचा कोपरा काचेला चिकटला. तो सोडवताना नखाएवढा पापुद्रा निघाला. आता मध्ये माउंट आहे; घेणाऱ्याने तो पहिल्याच दिवशी घालून घ्यावा.

याच चित्रकाराने केलेले लोणच्याच्या बरणीचे लेबल आमच्या फडताळात आहे, हे मला मे महिन्यात कळले. वाढप्याच्या दंडावर आहेत त्याच तिरप्या रेघा तिथे कैरीच्या फुगवट्यावर आहेत. मात्र चित्र लहान छापताना बारीक रेघा एकमेकींत मिसळून डाग होतो, म्हणून त्या मोजक्या आणि जाड ठेवलेल्या आहेत. धंद्याचे काम म्हणून हात सैल सोडलेला नाही. चित्रकार भूपेन खक्कर १९६२ मध्ये बडोद्यात आले आणि हिशेबनिसाचे काम सांभाळून चित्रे काढत राहिले. तेव्हा पोटाचे काम आणि मनाचे काम एकाच माणसाने करावे याचे आम्हा बडोदेकरांना नवल नाही. तरीही लेबल सुंदर आहे, इतकेच. त्याच्याकडे पुन्हा वळून पाहावेसे वाटत नाही. (लोणचे फार खारट आहे, पण तो चित्रकाराचा दोष नव्हे.)

किंमत मला जास्त वाटली होती. आता वाटत नाही, कारण गेल्या आठवड्यात आईने चष्मा लावून पंगत मोजली. जेवणारे सतरा आहेत. पानांतले आणि पातेल्यातले मिळून चेहरे अठरा भरतात.