टेपर कोनसेट किट: माल चांगला, पण हँडलचं दुखणं तेच आहे का?

१०० ते १५० सीसीच्या गाड्यांसाठी आता पार्ट्सच्या दुकानात साध्या बॉलवाल्या कोनसेटच्या शेजारी टेपर रोलरचं, म्हणजे बॉलऐवजी निमुळते रोलर असलेलं, किटही मिळतं. कोनसेट म्हणा नाहीतर बॉलरेसर, वस्तू एकच: हँडल ज्यावर वळतं ती चेसच्या (सांगाड्याच्या) पुढच्या नळीतली वरची-खालची बेअरिंगची जोडी. किट साध्या सेटच्या दुप्पट किंवा त्याहून महाग पडतं. खड्ड्यांतून रोज पळणाऱ्या गाडीला ते पैसे वसूल होतात. पण कालपर्यंत ठीक असलेलं हँडल आज अचानक बिघडलं म्हणून किट घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. कोनसेट एका रात्रीत जात नाही. तो महिनोन्‌महिने झिजतो आणि आपले हात त्या झिजेला सरावत जातात. अचानक आलेल्या दुखण्याचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

हँडल जड झालं की पहिला संशय पुढच्या टायरवर घ्यायचा. बारीक खिळा घुसलेला ट्यूबलेस टायर उभ्या गाडीत ठीकठाक दिसतो, गेज लावल्यावर २५ पीएसआयच्या जागी १२ निघतात. हँडल एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला अडत असेल, तर वायरिंग किंवा केबल टी (दोन्ही शॉकअप धरून ठेवणारी वरची-खालची आडवी पकड) आणि स्टॉपर (हँडल पूर्ण वळल्यावर अडवणारा खुंट) यांच्या मध्ये चिमटली आहे का बघा. नुकताच हेडलाइट खोलला असेल तर नक्कीच बघा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवायचं. आवाज चढला तर ॲक्सिलरेटर केबल ताणली जातेय, ती सोडवल्याशिवाय गाडी हलवू नका.

मागचं पंक्चर काढल्यापासून गाडी एका बाजूला ओढते का? मग चाक तिरकं बसलंय, चेन ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या करा. गाडी पडल्यानंतर चाक सरळ आणि हँडल वाकडं दिसत असेल, तर बऱ्याचदा पुढचे शॉकअप फक्त टीमध्ये पिळले गेलेले असतात. टीचे बोल्ट, एक्सल आणि मडगार्ड सैल करायचे, चाक दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरून हँडल सरळ करायचं आणि सगळं परत आवळायचं. त्यानंतरही वाकडंच राहिलं तर शॉकअपचा पाइप किंवा टी वाकली समजा.

एवढं करून काही सापडलं नाही, तर मग कोनसेट तपासा. गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, पुढचं चाक अधांतरी हवं. दोन बोटांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवा. बरोबर मध्यावर बारीकसा खाचा लागला आणि हँडल तिथेच बसू पाहत असेल, तर निदान पक्कं. मग शॉकअपची खालची टोकं धरून पुढेमागे हलवा आणि दुसऱ्या माणसाला वरच्या टीखालच्या सांध्यावर बोट ठेवायला सांगा. 'टक' त्या बोटाला जाणवली तर कोनसेट ढिला आहे. तिथे न जाणवता शॉकअपच्या सील्सजवळ जाणवली तर आतले बुश (सरकत्या पाइपला आधार देणाऱ्या कड्या) झिजलेत. चाक आडवं हलवल्यावर फक्त चाकच हलत असेल, तर व्हील बेअरिंग बघा. ढिल्या कोनसेटला खाचा नसेल, तर नुसता आवळून काम भागतं, नवा लागत नाही.

खाचा पडतो कसा हे जुनी रेस (बॉल जिच्यावर फिरतात ती कडी) हातात घेतली की कळतं. पुढच्या-मागच्या बाजूला बॉलच्या मापाचे उथळ खड्डे दिसतात, नख फिरवलं की अडकतं. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच बॉलखाली त्याच जागी बसतो. त्यात वॉशिंगवाल्याचा प्रेशरचा फवारा थेट टीवर आला की ग्रीस धुऊन जातं. टेपर किटचा फायदा इथेच आहे. बॉल रेसला एका ठिपक्यावर टेकतो, रोलर अख्ख्या रेघेवर टेकतो. मार वाटला जातो आणि खड्डे पडायला खूप जास्त काळ लागतो. शिवाय खोलताना मोकळे बॉल गॅरेजभर घरंगळत नाहीत, हे सुखही कमी नाही.

किटची खरी परीक्षा बसवताना होते. नव्या बेअरिंगवरचा चकचकीत थर गंज रोखणाऱ्या तेलाचा असतो, ते ग्रीस नव्हे. तळहातावर एमपी-३ लिथियम ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहा, रोलरमधून दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. बाहेरचे कप (रोलर ज्यांत फिरतात त्या कड्या) रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले तर चेसमध्ये सहज जातात. जुनी रेस वर ठेवून ठोका. कप तळाला टेकला की हातोडीचा बद्द आवाज बदलून टणक होतो. तिथपर्यंत न गेलेला कप पुढे खाली सरकतो आणि आठवड्याभरात हँडल परत ढिलं होतं. कित्येक किट यापायीच बदनाम झालीत.

दुसरी चूक आवळण्याची. बॉल सेटच्या सवयीने टेपर कचकचून आवळला, तर २०-३० च्या वेगात गाडी प्यायल्यासारखी झोकांड्या खाते, कारण तोल सावरायला लागणारी हँडलची बारीक हालचालच बंद होते. नट आधी घट्ट करून हँडल चार-पाच वेळा पूर्ण फिरवा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल सोडा आणि प्ले (सांध्यातली ढिलाई) जाईल इतपतच परत आवळा. चाक अधांतरी असताना मध्यावरून किंचित ढकललं की हँडल स्वतःच्या वजनाने कडेला गेलं पाहिजे. वरचा मोठा नट आवळल्यावर दाब थोडा वाढतो, म्हणून हीच तपासणी शेवटी पुन्हा करायची.

किटचा कच्चा दुवा म्हणजे धूळ-पाणी रोखणारा खालचा डस्ट सील. काहींत तो इतका जाड असतो की टी खाली राहते आणि वरच्या नटाला आटे कमी पडतात. बेअरिंग ठोकण्याआधी सगळं कोरडंच रचून आटे पुरतात का ते बघून घ्या, कारण टीवर घट्ट बसलेलं खालचं बेअरिंग नंतर छिन्नीशिवाय निघत नाही आणि तेव्हा दुकानदार ते परत घेत नाही.

शहरात सपाट रस्त्यावर दिवसाला १०-१५ किलोमीटर चालणाऱ्या गाडीला कंपनीचा साधा सेट, वर्षातून एकदा ग्रीस आणि बरोबर आवळणी एवढं पुरे. घाटात, उसाच्या पट्ट्यात, कोकणच्या पावसात गाडी असेल तर टेपर घ्या. मजुरी ठरवतानाच ५०० किलोमीटरनंतरची आवळणी त्यात धरून घ्या. रोलर बसले की थोडा प्ले येतोच, आणि ढिला टेपर बॉल सेटइतकाच ठोके खातो.